चाटुकार काही चाटत नाही

साहेबांच्या केबिनमधून हसतमुखानं बाहेर येणाऱ्याकडे पाहून कुणी 'चाटुकार मेला!' असं पुटपुटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हमखास जीभच येते. मराठीत तळवे चाटणं आहे, लाळघोटेपणा आहे, तेव्हा चाटुकारही त्याच घरचा, अशी आपली खात्री असते. ती चुकीची आहे. 'चाटणे' प्राकृतातून आलं. 'चाटुकार' मात्र थेट संस्कृत. 'चाटु' म्हणजे गोड, आर्जवी बोलणं आणि ते करणारा तो चाटुकार. (स्वयंपाकघरातल्या लाकडी चाटूचाही इथे काही संबंध नाही!)

दुसरा समज असा, की हा शब्द म्हणजे पहिल्यापासून शिवीच. कालिदासाला तसं वाटत नव्हतं. 'मेघदूता'त यक्ष मेघाला उज्जयिनीची वाट सांगतो, तेव्हा शिप्रेवरून येणारा पहाटवारा कसा आहे? प्रेयसीची मनधरणी करणाऱ्या प्रियकरासारखा चाटुकार. तिथे हिणवणं नाहीच, उलट लाड आहेत. तेलुगूत तर तोंडोतोंडी फिरणाऱ्या सुट्या, चटकदार पद्यालाच 'चाटु' म्हणतात.

भर्तृहरीच्या 'नीतिशतका'त याहून गंमत आहे. कुत्रा घास देणाऱ्यापुढे शेपूट हलवतो, पायाशी लोळतो, पोट दाखवतो. गजराज मात्र शांतपणे बघत उभा राहतो आणि शंभर चाटुवचनं ऐकल्यावरच खातो. म्हणजे इथे गोड बोलतोय तो भरवणारा! खाणारा ढिम्म. आपल्या कचेऱ्यांत नेमकं उलट चालतं, ते सोडा. याच श्लोकात 'लांगूलचालन' हा शब्द आहे. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत हा शब्द इतका दिसतो, की कुणा संपादकानंच घडवला असावा असं वाटतं. पण लांगूल म्हणजे शेपूट. हिंदीतलं 'लंगूर' वानरही त्या शेपटीवरूनच ओळखलं जातं. शेतातल्या नांगराचं मूळ 'लांगल', ते वेगळं.

'चापलूस' हा चाटुकाराचा भाऊ वाटतो, चपळाशीही त्याचं नातं जोडलं जातं. तो फारसी आहे, दोघांचाही कुणी नाही.

राहिली खुशामत. समोरच्याच्या मताला मान डोलवून त्याला खूश करायचं, म्हणून खुशा-'मत', ही फोड ऐकायला झकास आहे, पण खोटी. मूळ फारसी शब्द 'खुशामद'. मददची मदत झाली, पसंदचं पसंत झालं, तसाच मराठीत इथेही 'द'चा 'त' झाला. 'आमद' म्हणजे येणं. हातात येते ती आमदनी, तिच्यातही हेच आमद आहे. तेव्हा 'खुश आमद' म्हणजे 'बरं झालं, आलात'. इराणात दारी आलेल्या पाहुण्याला आजही 'खोश आमदीद' म्हणतात, आणि त्याचा अर्थ एवढाच: या, सुस्वागतम.