मध्ययुगीन मराठी संज्ञांचे अध्यापन : दृश्य साधने व गटकार्य

मध्ययुगीन महाराष्ट्राचा इतिहास शिकविताना संज्ञांची अडचण प्रत्येक प्राध्यापकास जाणवते. चौथ, मोकासा, वतन, महजर, सनद असे शब्द विद्यार्थी व्याख्येसह पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. यांतील बहुतेक शब्द फारसी-अरबी असल्यामुळे अवघड वाटतात, असे सामान्यतः मानले जाते. हे निदान अपुरे आहे. अनोळखी शब्दाचा अर्थ विद्यार्थी निदान विचारतो तरी. ओळखीच्या शब्दाचा अर्थ तो विचारतच नाही, आणि खरी फसगत तेथेच होते.

अष्टप्रधानांची नावे हे याचे ठळक उदाहरण होय. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांच्या जागी संस्कृत पदनामे योजण्यात आली व रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. पेशव्यास पंतप्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, वाकनिसास मंत्री आणि डबिरास सुमंत ही नावे मिळाली. आजच्या विद्यार्थ्यास ‘मंत्री’ म्हटले की खातेप्रमुख दिसतो. त्या काळचा मंत्री मात्र राजाच्या दैनंदिन कारभाराची नोंद ठेवणारा अधिकारी होता. सचिवाकडे राजपत्रांच्या तपासणीचे काम असे. येथे तीन रंगांची कार्डे उपयोगी पडतात : एका रंगावर फारसी पदनाम, दुसऱ्यावर संस्कृत, तिसऱ्यावर केवळ कामाचे वर्णन. चार-पाच जणांच्या गटाने त्यांची जुळणी करावयाची. फारसी-संस्कृत जोड्या पाठांतराच्या बळावर लवकर लागतात. अडखळण होते ती तिसऱ्या रंगापाशी, आणि अध्यापनाची सुरुवात तेथूनच करावयास हवी.

महसुली संज्ञांसाठी मात्र कार्डे पुरत नाहीत, कारण त्या संज्ञा एकमेकींच्या पोटात बसलेल्या आहेत. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून स्वराज्याच्या सनदेबरोबर दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्यानंतरची वाटणी शब्दांत सांगितली असता वर्ग गोंधळतो. चौकटींच्या कागदावर ती सहज उलगडते. प्रत्येक गटास वीस गुणिले वीस, म्हणजे 400 चौकटींचा कागद द्यावा. हा एका परगण्याचा कल्पित वसूल. त्याचा चौथा हिस्सा, 100 चौकटी, चौथाई म्हणून रंगवावयाचा. त्यातील 25 चौकटी राजबाबती, 6 साहोत्रा, 3 नाडगौडा. उरलेल्या 66 चौकटी फौज बाळगणाऱ्या सरदारांचा मोकासा. साहोत्रा पंतसचिवाकडे गेला, नाडगौडा राजाच्या मर्जीने दिला जाई. सरदेशमुखी दहा टक्के, म्हणजे 40 चौकटी. ती चौथाईतून काढावयाची नसून तिच्याखेरीज आहे. बहुतेक गट पहिल्या प्रयत्नात ती चौथाईच्या रंगातच रंगवितात. त्यांस लगेच न थांबविता बेरीज करू द्यावी.

योग्य रीतीने रंगविल्यावर राजाकडे 25 अधिक 40, म्हणजे 65 चौकटी दिसतात आणि सरदारांकडे 66. कागदावरचा हा तोल प्रत्यक्षात का टिकला नाही, हा प्रश्न मग विद्यार्थीच उपस्थित करतात. वसूल कोण करीत होता, फौज कोणाच्या हाताखाली होती, या चर्चेत ‘मोकासा’ हा शब्द व्याख्येबाहेर येतो. अठराव्या शतकातील मराठी सत्तेचे विकेंद्रीकरण समजावयास याहून सोपी वाट क्वचितच असेल.

ग्रामसंस्थेच्या शब्दांबाबत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्या भूमिका वाटून वर्गात गोतसभा भरविणे ही लोकप्रिय कल्पना आहे. तथापि ही पदे जातीशी बांधलेली होती. कनिष्ठ गावकामगार वतने 1958 च्या कायद्याने, तर मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपुष्टात आली. वर्गातील काहींच्या आजोबा-पणजोबांनी ती कामे प्रत्यक्ष केलेली असतात. चिठ्ठी टाकून एखाद्याच्या वाट्यास महारकी देणे ही अध्यापनाची युक्ती ठरत नाही, तो त्याचा उपमर्द ठरतो. म्हणून माणसांच्या भूमिका न देता गटांच्या हाती कागद द्यावा. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून एखादा वतनाच्या तंट्याचा महजर निवडता येतो. वादी कोण, साक्षी कोण, कोणाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ आहे आणि कोणाच्या नावापुढे कारागिराचे हत्यार, हे गटाने शोधून त्याचा तक्ता फळ्यावर मांडावा. अक्षर न येणाऱ्यांनी अवजाराची आकृती हीच सही मानली, हे त्यातून कळते. कोणाची निशाणी त्या कागदावर मुळीच नाही, हाही प्रश्न एका गटाकडे सोपवावा. स्त्रियांच्या वतनहक्काचा विषय त्यातून सहसा निघतो आणि त्यासाठी पुढचा तास राखून ठेवावा लागतो.