चारशे किलोमीटरचा रविवार

पार्क्स हे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिमेकडचं, जेमतेम अकरा हजार वस्तीचं गाव. गावाच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, मेंढ्या चरणाऱ्या कुरणांच्या मधोमध ६४ मीटर व्यासाची एक अवाढव्य तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी आहे. १९६१ मध्ये सुरू झालेली ही रेडिओ दुर्बीण. जुलै १९६९ मध्ये माणूस पहिल्यांदा चंद्रावर चालला, तेव्हा जगाने टीव्हीवर पाहिलेली बहुतेक दृश्यं या तबकडीने टिपलेली होती. गावाला तिचा अभिमान एवढा, की तिथल्या रग्बी लीग संघाने नावच घेतलं ‘स्पेसमेन’, म्हणजे अंतराळवीर. हे अंतराळवीर रविवारी दुपारी कोपरं-गुडघे सोलून घेतात आणि सोमवारी सकाळी कुणी तांब्याच्या खाणीवर, कुणी शेतावर, कुणी शाळेत शिकवायला हजर होतात.

स्पेसमेन खेळतात ती स्पर्धा म्हणजे पीटर मॅकडॉनल्ड प्रीमियरशिप. सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्स ओलांडले की सुरू होणाऱ्या मोठ्या मुलखातले डझनभर संघ तिच्यात असतात. कोळशाच्या खाणींचं लिथगो, सोन्याच्या शोधातून वाढलेलं बॅथर्स्ट, थंडीत अधूनमधून बर्फ पडणारं ऑरेंज, द्राक्षमळ्यांचं मजी, मग वेलिंग्टन, डबो, फोर्ब्स, पार्क्स आणि सगळ्यात टोकाला, लाल मातीच्या सपाट प्रदेशाच्या तोंडावर वसलेलं दोनेक हजार वस्तीचं निंगन. निंगन ते लिथगो हे अंतर चारशे किलोमीटरहून जास्त भरतं. मुंबईहून निघून कोल्हापूर गाठायचं, तिथे ऐंशी मिनिटं अंग मोडून खेळायचं आणि त्याच रात्री परत फिरायचं, असा हा हिशेब. आणि हे करणारी माणसं व्यावसायिक खेळाडू नव्हेत. अव्वल श्रेणीत काहींच्या हातावर सामन्यामागे थोडे पैसे पडतात. बाकीच्यांना गावाच्या रंगाची जर्सी आणि सामन्यानंतरचं जेवण.

खेळ समजायला मराठी माणसाला फारसं जड जात नाही, कारण त्याचा गाभा कबड्डीच्या जवळचा आहे. तेरा-तेरा जणांचे दोन संघ. चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीवर चढाई करायची. प्रतिस्पर्धी पकड करून तुम्हाला जमिनीवर पाडणार. पडलात की उठायचं, चेंडू पायाने मागे सरकवायचा आणि पुन्हा चढाई. पास फक्त मागे किंवा आडवा देता येतो, पुढे नाही. म्हणजे पुढे जायचं तर कुणीतरी चेंडू घेऊन पळायलाच हवं, नाहीतर लाथ मारून तो पुढे पाठवायला हवा. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाचा. समोरच्या टोकाची रेघ ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला की झाला ‘ट्राय’, त्याचे चार गुण. त्यानंतर चेंडू दोन खांबांमधून उडवला की आणखी दोन. सुरुवातीला पकडींना मर्यादा नव्हती, एकच संघ कितीही वेळ चेंडू दाबून धरायचा. १९६७ मध्ये चार पकडींचा नियम आला, १९७१ मध्ये चारच्या सहा झाल्या. खेळाला आजचा वेग आला तो तिथून.

रग्बीच्या दोन शाखा आहेत, युनियन आणि लीग. दोघींच्या भांडणाचं कारण लक्षात घेतलं, तरच लीग ऑस्ट्रेलियाच्या खेड्यापाड्यांत इतकी का रुजली ते कळतं. भांडण मजुरीचं होतं. उत्तर इंग्लंडमधले गिरणी आणि खाणकामगार सामन्यासाठी कामावर खाडा करायचे आणि त्यांचा रोज बुडायचा. तो रोज भरून द्यायला रग्बीच्या कर्त्याधर्त्यांनी नकार दिला, तेव्हा १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. बारा वर्षांनी तोच प्रश्न सिडनीत उभा राहिला. ॲलेक बर्डन या खेळाडूला जबर दुखापत झाली, काम बुडालं आणि भरपाई मिळाली नाही. ऑगस्ट १९०७ मध्ये सिडनीच्या एका हॉटेलात न्यू साउथ वेल्स रग्बी लीगची स्थापना झाली. या नव्या संस्थेचा खजिनदार कोण, तर व्हिक्टर ट्रम्पर! ओल्ड ट्रॅफर्डच्या १९०२ च्या कसोटीत उपाहाराच्या आधीच शतक ठोकणारा तोच ट्रम्पर. हातावर पोट असणाऱ्यांचा हा खेळ मग रेल्वेच्या रुळांबरोबर गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या प्रदेशात शिरला.

राज्याच्या ग्रामीण भागाचे ‘ग्रूप’ पाडून त्यांना क्रमांक देण्यात आले. नावं रुक्ष, पण माणसं त्यांच्याशी जन्मभर बांधलेली. कुणी सांगतो मी ग्रूप नाइनचा, म्हणजे वागा वागाकडचा. ग्रूप टेन म्हणजे बॅथर्स्ट-ऑरेंजची बाजू. ग्रूप इलेव्हन म्हणजे डबो-फोर्ब्स-पार्क्स.

पण ग्रामीण लीगचा खरा ज्वर पाहायचा तर दक्षिणेकडच्या माहेर कपाची गोष्ट सांगायला हवी. ट्यूमट गावातल्या टेड माहेर नावाच्या हॉटेलवाल्याने हा चषक दिला आणि १९२० पासून त्याच्यासाठी लढती सुरू झाल्या. पद्धत साधी, आपल्याकडच्या कुस्तीच्या फडासारखी. चषक ज्या गावाकडे असेल त्याला दुसऱ्या गावाने आव्हान द्यायचं, लढत चषकवाल्याच्या मैदानावर, जिंकेल त्याने चषक घेऊन जायचं. ट्यूमट, गंडगाय, कुटामुंड्रा, टेमोरा, यंग, ग्रेनफेल, वेस्ट वायलाँग अशी गावं त्यासाठी इरेला पेटायची. सामना बऱ्याचदा आठवड्याच्या मधे, बुधवारी. त्या दुपारी दुकानं बंद, पाहुण्या गावाहून खास आगगाड्या भरून माणसं येणार, पैजा लागणार. सिडनीचे नावाजलेले खेळाडू चांगला पगार देऊन गावात आणले जात. बार्मेडमनसारख्या चिमुकल्या गावानेही हा चषक मिरवला होता. १९७१ मध्ये या लढती थांबल्या, पण पन्नास वर्षांत कोण कुणाकडून कसं हरलं हे सांगणारी माणसं त्या भागात अजून भेटतात.

याच मातीतला एरिक वाइसल. सिडनीच्या क्लबांची बोलावणी येऊनही तो गावाकडेच खेळत राहिला आणि तिथूनच ऑस्ट्रेलियाच्या संघात गेला. १९३२ मध्ये ब्रिस्बेनला इंग्लिश संघाविरुद्ध झालेला कसोटी सामना इतका रक्तबंबाळ होता, की इतिहासात त्याची नोंद ‘ब्रिस्बेनची लढाई’ अशीच आहे. त्या सामन्यात घोटा जायबंदी झालेला असताना वाइसल लंगडत पळत सुटला आणि त्या धावेतून निर्णायक ट्राय झाला. गावात राहूनही देशासाठी खेळता येतं, हे दाखवणारी ती पिढी होती. आज ते शक्य नाही. सिडनीच्या व्यावसायिक क्लबांचे निवडकर्ते गुणी मुलं चौदा-पंधराव्या वर्षीच हेरतात.

तरी गावाने शहराला चीत केल्याची एक आठवण या भागात अजून ताजी आहे. १९७४ मध्ये अॅमको कप नावाची नवी बाद फेरीची स्पर्धा सुरू झाली. सिडनीचे दिग्गज क्लब त्यात होते आणि सोबत तोंडी लावायला ग्रामीण विभागांचे संघ. पश्चिम विभागाचा संघ, म्हणजे डबो-ऑरेंज-बॅथर्स्टकडची मुलं, एकेक फेरी पार करत अंतिम सामन्यात पोहोचली आणि सिडनीच्या पेन्रिथ क्लबला ६-२ असं हरवून पहिलाच चषक घेऊन गेली. प्रशिक्षक होता सिडनीच्या सेंट जॉर्ज क्लबच्या सुवर्णकाळातला विंगर जॉनी किंग.

पेन्रिथचं आणि या मुलखाचं नातं पुढे आणखी घट्ट झालं ते रॉयस सिमन्समुळे. काउराजवळच्या गूलूगाँग या काहीशे वस्तीच्या खेड्यातला हा मुलगा पेन्रिथचा कर्णधार झाला, देशासाठी खेळला. १९९१ मध्ये पेन्रिथने पहिल्यांदा सिडनीचं अजिंक्यपद मिळवलं, त्या अंतिम सामन्यात फारसे ट्राय न करणाऱ्या सिमन्सने दोन ट्राय केले. २०२२ मध्ये त्याने आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं. मग तो गूलूगाँगहून पेन्रिथपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर चालत गेला, या आजारावरच्या संशोधनासाठी निधी उभा करायला. त्याच्या वाटेवरची गावं म्हणजे लीगचीच गावं.

डोक्याला बसणाऱ्या माराचा प्रश्न या खेळाला आता टाळता येत नाही. पूर्वी डोकं गरगरत असताना खेळत राहणं मर्दुमकीचं मानलं जाई. आता गावपातळीवरही, नुसती शंका आली तरी खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात सोडत नाहीत आणि परतण्यापूर्वी डॉक्टरचा दाखला लागतो. हे फार आधी व्हायला हवं होतं.

गावाकडचा सामन्याचा दिवस म्हणजे एका सामन्याचा दिवस नव्हे. सकाळी अठरा वर्षांखालची मुलं, मग महिलांचा ‘लीग टॅग’, मग राखीव श्रेणी आणि दुपार कलताना अव्वल श्रेणी. लीग टॅगमध्ये अंगावर झेप घ्यायची नसते. प्रत्येकीच्या कमरेला दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यातली एक ओढली की पकड झाली. बहीण टॅग खेळते, भाऊ राखीव श्रेणीत, बाप सीमारेषेवर पाणी पोहोचवतो, आई कँटीनमध्ये स्टेक सँडविच भाजते, हे दृश्य कुठल्याही मैदानावर दिसेल. महिलांचा पूर्ण पकडीचा (टॅकलचा) खेळही आता वसंतात होतो. एका गावात पुरेशा मुली नसल्या तर परिसराचा मिळून संघ उभा राहतो. बॅथर्स्टच्या बाजूच्या मुलींनी जवळच्या माउंट पॅनोरमावरून नाव घेतलं, ‘पॅनोरमा प्लॅटिपाय’.

मोठ्या स्पर्धेखाली छोट्या गावांची वुडब्रिज कप स्पर्धा आहे. तिच्यातली नावं वाचतानाच गंमत वाटते: ट्रंडल बूमर्स, मॅनिल्ड्रा रायनोज, कार्गो ब्लू हीलर्स, आणि कवी हेन्री लॉसनच्या जन्मगावचे ग्रेनफेल गोॲनाज. यातल्या काही गावांना हॉटेल एक, शाळा एक आणि मैदान एक. यंत्रं मोठी झाली, शेतं एकत्र झाली, पाच कुटुंबांचं काम एक कुटुंब करू लागलं. मुलं शहराकडे गेली. अशा गावात तेरा तरुण जमवणं हाच पहिला विजय असतो.

याच ओढाताणीतून २०२२ मध्ये पीटर मॅकडॉनल्ड प्रीमियरशिप जन्माला आली. त्याआधी ग्रूप टेन आणि ग्रूप इलेव्हन या दोन वेगळ्या दुनिया होत्या. २०२१ चा हंगाम कोविडच्या टाळेबंदीने अर्ध्यावर तुटला आणि पुढच्या वर्षी दोन्ही ग्रूपचे संघ एका छत्राखाली आले. जुन्या ग्रूपमधल्यांशी जास्त सामने आणि पलीकडच्यांशी मोजके, अशी सुरुवातीची रचना. खेळाचा दर्जा वाढला यात शंका नाही. पण प्रवासही वाढला. तेहेतीस किलोमीटरवरच्या फोर्ब्सशी पार्क्सची जी जुनी खुन्नस आहे, ती दूर डोंगरालगतच्या लिथगोशी एकदम कशी जमणार? पेट्रोलचा खर्च, बसचं भाडं, रविवार रात्रीची झोप हे सगळं क्लबच्या आणि खेळाडूंच्या खिशातून जातं. विलीनीकरणाचा कागद शहरात बसून करता येतो. रस्ता निंगनच्या पोरांना तुडवावा लागतो. त्यांच्या वाट्याला आलेला हा भार बाकीच्यांनी वाटून घ्यायला हवा.

या मैदानांवर आदिवासी खेळाडूंचा वाटा फार मोठा आहे. डबो, वेलिंग्टन, फोर्ब्स हा विराजुरी लोकांचा मूळ प्रदेश. गुण असूनही आपल्या मुलांकडे सिडनीच्या क्लबांचं लक्ष जात नाही, हे पाहून काही आदिवासी कार्यकर्त्यांनी १९७१ मध्ये ‘कूरी नॉकआउट’ ही बाद फेरीची स्पर्धा सुरू केली. जिंकणाऱ्याने पुढच्या वर्षीचं यजमानपद घ्यायचं, ही तिची रीत. आता ऑक्टोबरच्या जोडसुट्टीत शंभराहून जास्त संघ उतरतात आणि खेळापेक्षाही नातलगांच्या भेटींसाठी माणसं शेकडो किलोमीटर येतात.

दक्षिणेकडे ग्रूप ट्वेंटीच्या मुलखातल्या ग्रिफिथ शहरात दर वर्षी जूनच्या जोडसुट्टीत शीख क्रीडा महोत्सव भरतो. फळबागा आणि द्राक्षमळ्यांत राबायला आलेल्या पंजाब्यांनी तिथे कबड्डी नेली. रग्बी लीगच्या गावात कबड्डीला गर्दी होते, यात तिथल्या कुणाला नवल वाटत नाही. पकड म्हणजे काय, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

निंगनच्या संघाचं नाव टायगर्स. १९९० च्या एप्रिलमध्ये बोगन नदीचं पाणी मातीच्या पोत्यांचे बांध फोडून गावात शिरलं आणि अख्खं गाव हेलिकॉप्टरने हलवावं लागलं होतं. गाव परत वसलं, तटबंध उंच झाले, टायगर्स खेळत राहिले. बाहेरगावचा सामना आटोपला की त्यांची बस मिचेल हायवेला लागते. डबो मागे पडल्यावर अजून एकशे पासष्ट किलोमीटर उरलेले असतात. अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून चालक वेग कमी ठेवतो. मागच्या बाकांवर अठरा वर्षांखालची पोरं बर्फाच्या पिशव्या गुडघ्यांवर धरून झोपलेली असतात. गावात त्यांचे आईबाप गाड्यांचे दिवे चालू ठेवून मैदानाबाहेर थांबलेले असतात, आणि त्यातल्या अनेकांना पहाटे उठून कामावर जायचं असतं.