दंडावरची लस, लघवीच्या पिशवीत

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि घरोघरी धणे-जिरे पाण्यात भिजत पडतात. अशा दिवसांत लघवी लालसर झाली की निदान घरातच होतं: उन्हाळी लागली. दोन दिवसांत रंग निवळतो आणि विषय संपतो. मला भीती वाटते ती या निवळण्याचीच. उन्हाळीत जळजळ होते. मूत्राशयाच्या कर्करोगात सुरुवातीला बहुधा काहीच दुखत नाही. रक्त एकदा दिसतं, मग कित्येक महिने दिसत नाही. म्हणून न दुखता एकदा जरी रक्त गेलं, तरी कंपू भागातलं जयारोग्य रुग्णालय गाठावं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नये. धुरातली विषारी द्रव्यं मूत्रपिंडं गाळून टाकतात, पण पुढे ती लघवीबरोबर मूत्राशयाच्या पिशवीतच साचून राहतात.

निदानाच्या वेळी चारांपैकी सुमारे तिघांची गाठ स्नायूत शिरलेली नसते. ती लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून खरवडून काढतात. पोटावर टाका पडत नाही. पॅथॉलॉजीचा अहवाल आला की डॉक्टरांना विचारावं: गाठ किती खोल गेली आहे, लो ग्रेड (सौम्य) की हाय ग्रेड (उग्र), आणि तुकड्यात स्नायूचा भाग आला होता का? तो आला नसेल, किंवा गाठ अस्तराखालच्या थरात उतरली असेल, तर काही आठवड्यांनी बहुधा पुन्हा खरवडावं लागतं. पहिली शस्त्रक्रिया फसली, असा त्याचा अर्थ नव्हे.

गाठ सौम्य असेल तर शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत मायटोमायसिनसारख्या औषधाचा एक डोस पिशवीत सोडणं अनेकदा पुरतं. उग्र गाठीला मात्र बीसीजी लागते. होय, तीच लस, जिचा व्रण आपल्या दंडावर आहे! कॅनडातल्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६मध्ये नऊ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, तिथून ही वाट रुळली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या उपचारासाठी वेगळी, मोठ्या मात्रेची बीसीजी बनवते. नळीवाटे सोडलेलं औषध साधारण दोन तास धरून ठेवायचं, आठवड्याला एक असे सहा डोस. त्यातले क्षीण जिवंत जंतू शरीराच्या संरक्षक पेशींना तिथे बोलावून घेतात. जळजळ, कणकण होते; ताप चढला आणि उतरेना, तर लगेच कळवावं. क्षयरोग असेल किंवा लघवीत उघड रक्त असेल, तेव्हा ही देत नाहीत.

सहा डोस झाले, लघवी स्वच्छ झाली, की घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं. पण हा रोग परतणारा आहे. उग्र गाठीत बीसीजीचे पुढचे डोस तीन वर्षांपर्यंत चालतात आणि सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असते. भर उन्हाळ्यात, लग्नसराईत तारीख आली तरी ती चुकवू नये. बीसीजीनेही उग्र गाठ हटली नाही, तर पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो. ऐकवत नाही, हे खरं. त्या दिवशी घरातलं कुणीतरी सोबत असावं आणि लघवीचा मार्ग पुढे कसा असेल, हे डॉक्टरांकडून कागदावर चित्र काढून समजून घ्यावं.