इंजिन बसेल, पण कागद बसेल का?

वालीव, सातिवली, गोखिवरे, नालासोपारा या पट्ट्यातील गाळ्यांमध्ये आपली कितीतरी मुले गॅरेजच्या धंद्यावर रोजी कमावतात. कोणी डेंटिंगमध्ये, कोणी वायरिंगमध्ये, तर कोणी इंजिनकामात उस्ताद आहे. या मंडळींकडे हल्ली एक नवी मागणी येऊ लागली आहे. तरुण गिऱ्हाईक पंधरा-वीस वर्षांची छोटी गाडी आणतो आणि म्हणतो, "उस्ताद, हिच्यात टर्बो इंजिन बसवून द्या." मजुरी चांगली मिळते, कामात डोके लागते, लाइनमध्ये नाव होते. हातात हुनर असलेल्या मुलाला मोह पडणारच.

प्रस्तुत लेखकाचा धंदा कापडाचा. इंजिनाचे काम मिस्त्रींनाच माहीत. परंतु माल आणि कागद यांचे नाते सर्व धंद्यांत सारखेच असते. भिवंडीहून कामण-चिंचोटीमार्गे कापडाची गाठ निघाली की बिल आणि चलान सोबत असावे लागते. माल कितीही उंची असला तरी कागदाशिवाय तो वाटेतच अडकतो. इंजिनाचेही तसेच आहे.

टर्बोची करामत

इंजिनातून बाहेर जाणारा धूर साध्या गाडीत वाया जातो. टर्बोमध्ये तोच धूर एक छोटे चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळते आणि ताकद वाढते. हे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. म्हणून त्याला चांगले तेल आणि थंडावा दोन्ही लागतात.

फरक किती पडतो ते पाहा. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे होते आणि ताकद ४० अश्वशक्तीच्या आतबाहेर होती. २०१७ साली बलेनो आरएसमध्ये आलेले सुझुकीचे बूस्टरजेट इंजिनही तीन सिलिंडरचेच, ९९८ सीसीचे. पण ताकद सुमारे १०० अश्वशक्ती. आकार थोडासा वाढला आणि ताकद अडीचपट झाली. शौकिनांना भुरळ पडते ती इथेच.

काम कुठे अडते

आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट पॅलिओ २००१ साली बाजारात आली. तिचे १२४२ सीसीचे इंजिन ७० अश्वशक्तीच्या आसपासचे होते. पुढे २०१० साली लिनिया टी-जेट आली. तिचे १३६८ सीसीचे टर्बो इंजिन ११४ अश्वशक्तीचे. दोन्ही इंजिने फियाटच्या एकाच घराण्यातली, म्हणून शौकिनांची नजर या जोडीवर असते.

तरीही नुसते इंजिन उचलून ठेवले की काम झाले असे नाही. फाउंडेशन नवे करावे लागते. क्लच, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल जादा जोर पेलतील का ते पाहावे लागते. मोठा रेडिएटर आणि इंटरकूलर यांना बोनेटखाली जागा काढावी लागते. पेट्रोल पंप जास्त दाबाचा लागतो. सर्वांत किचकट काम वायरिंगचे. नव्या गाडीचा कॉम्प्युटर आपली चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही. म्हणून त्याच गाडीची चावी, कॉम्प्युटर, सेन्सर आणि हार्नेस असा पूर्ण संच हवा.

आणि ब्रेकचे काय? ७० अश्वशक्तीच्या हिशेबाने बनवलेल्या ब्रेक आणि सस्पेन्शनवर ११४ अश्वशक्ती स्वार झाली, तर अहमदाबाद हायवेवर ती गाडी थांबवणार कोण? गिऱ्हाईक इंजिनाचे पैसे हसत देतो, ब्रेकचे नाव काढले की बजेट संपते. ज्या कारागिराने अशी गाडी गाळ्याबाहेर सोडली, त्याने एका जिवाची अमानत नीट सांभाळली नाही असेच म्हणावे लागेल.

कायदा काय सांगतो

जुने मिस्त्री सांगतात, "आमच्या वेळी पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचो, आरटीओ आरसी बुकावर नोंद करून द्यायचा." ते खोटे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुळात तशी सोय होती : आगाऊ परवानगी घ्या आणि बदल करा. पण २००० साली हे कलम बदलले. आता कंपनीने ठरवलेल्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे पॅलिओत टी-जेट कितीही सफाईने बसवले, तरी आपल्या एमएच-४८ च्या आरटीओत त्याची नोंद होण्याचा मार्ग नाही. पंधरा वर्षांनंतर आरसीचे नूतनीकरण करताना गाडी तपासली जाते, इंजिन नंबर जुळवला जातो. तो जुळला नाही की सारी मेहनत पाण्यात. अपघात झाला, तर विमा कंपनीपासून लपवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो.

इंजिन आले कुठून?

कारागिराने सर्वांत आधी हा प्रश्न विचारला पाहिजे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर इमानदारीने जुना माल विकणारे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण नव्या गाडीचे इंजिन भंगारात आले, तर त्याची कारणे मोजकीच : अपघात, पूर किंवा चोरी.

पुराचे इंजिन ओळखायला आपल्याला कोणी शिकवायला नको. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली होते, ते सर्वांनी पाहिले. सिलिंडरमध्ये पाणी गेले की ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वरून इंजिन चकचकीत दिसते; दोष कळतो तो खोलल्यावर.

चोरीचा माल त्याहून घातक. मेरठच्या सोतीगंज बाजाराचे उदाहरण समोर आहे. सुट्या भागांसाठी देशभर प्रसिद्ध असलेला हा बाजार २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी बंद पाडला, कारण चोरीच्या गाड्या तिथे फोडल्या जात होत्या. मग सचोटीने धंदा करणाऱ्यांचीही दुकाने बंद झाली. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिल नसेल तर "मला माहीत नव्हते" हे सिद्ध कसे करणार?

मग हुनराचे काय करावे?

हुनर वाया घालवायचा नाही, त्याला योग्य वाट द्यायची. कायद्याने खुल्या असलेल्या वाटा पुष्कळ आहेत.

पहिली, त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन बदलणे. डिझेल स्विफ्टचे इंजिन जाम झाले, तर तिथे डिझेल स्विफ्टचेच इंजिन. आरटीओची आधी परवानगी, मग काम, मग आरसीवर नव्या नंबरची नोंद.

दुसरी, मंजूर सीएनजी किट. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्यांच्या अखेरच्या काळात त्या सीएनजीवरच चालत होत्या. कायदा या बदलाला जागा देतो. जुन्या गाडीसाठी मंजुरी मिळालेले इलेक्ट्रिक किटही याच वाटेने बसते.

तिसरी वाट सर्वांत मोठी : टर्बोची दुरुस्ती. आज नेक्सॉन, व्हेन्यू, फ्रॉन्क्स अशा कितीतरी गाड्या कंपनीतूनच टर्बो घेऊन येतात. त्या जुन्या होतील तशा आपल्याच गाळ्यांत येतील. तेलाची नळी, इंटरकूलरची गळती, सेन्सरचा कोड वाचणे हे काम ज्याला येईल, त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.

शेवटी एक विनंती. प्रत्येक गॅरेजवाल्या बांधवाने एक रजिस्टर ठेवावे. इंजिन कोणाकडून घेतले, नंबर काय, बिल क्रमांक काय, कोणत्या गाडीत बसवले, हे त्यात लिहावे आणि गिऱ्हाइकाची सही घ्यावी. बिलाशिवाय इंजिन गाळ्यात उतरवूच नये, मग भाव कितीही सस्ता असो. शागिर्दाला पाना धरायला शिकवतो त्याच दिवशी हे रजिस्टर लिहायलाही शिकवावे.