पाणी कुठं मुरतंय?

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी नवरा कार्ल बेंझ यांना न सांगता त्यांची तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेर गाठलं. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे. वाटेत त्यांनी वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानातून इंधन विकत घेतलं, हा किस्सा सगळे सांगतात. पाण्याचा मात्र फारसा कोणी सांगत नाही. त्या इंजिनाला थंड ठेवणारं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, त्यामुळे मिळेल तिथे थांबून ते ओतत राहणं भाग होतं. मोटारीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास असा पाणी भरत भरतच झाला.

बर्थाबाईंचा नाइलाज होता. आपल्याकडे मात्र आजही कित्येक गाड्यांच्या डिकीत पाण्याची बाटली ठरलेली असते. ‘गाडी जुनी झाली, आता थोडं पाणी पितेच’ असं मालक म्हणतो, आणि सर्व्हिसिंगवालाही मान डोलावून वरून भरून देतो. आजच्या गाडीतली कूलिंगची व्यवस्था बंदिस्त असते. तिच्यातलं पाणी, म्हणजे कुलंट, खर्च होण्यासाठी नसतंच. महिन्याला अर्धा लिटर कमी होत असेल, तर ते अर्धा लिटर कुठून तरी बाहेर पडतंय किंवा इंजिनात जळतंय. तिसरी वाट नाही. कुठून, हे शोधून देणारं साधन म्हणजे कूलिंग सिस्टीमचा प्रेशर टेस्टर.

दिसायला तो अगदीच साधा आहे. हातात मावेल एवढा पंप, त्याला एक नळी, दाब दाखवणारं घड्याळ, दाब सोडायची कळ, आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या तोंडावर बसणाऱ्या टोप्यांचा संच. रेडिएटरचं झाकण काढून त्या जागी टोपी बसवायची आणि इंजिन बंद व गार असताना आत हवा भरायची. गाडी धावताना आत जेवढा दाब असतो, तेवढा उष्णतेशिवाय तयार करायचा, एवढीच यामागची युक्ती. गरम इंजिनाची गळती शोधणं अवघड असतं. पंखा फिरत असतो, थेंब तापलेल्या लोखंडावर पडताच वाफ होतो, आणि हात कुठे घालावा अशी जागा नसते. गार इंजिनावर मात्र तोच थेंब निवांत ओघळतो आणि सापडतो.

मुळात आत दाब का हवा, हेही पाहू. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर ते साधारण ९५-९६ अंशांलाच उकळतं. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये, कमी वेगाने, पूर्ण जोर लावून चढते, समोरून हवा पुरेशी मिळत नाही आणि नेमका तिथेच उत्कलनबिंदू खाली आलेला असतो. यावर उपाय म्हणून झाकणात स्प्रिंगची झडप असते. तापून फुगलेल्या कुलंटला ती एका मर्यादेपर्यंत कोंडून ठेवते. वातावरणापेक्षा एक बार जास्त दाब असला, तर साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. त्यात ग्लायकॉल निम्म्याला निम्मं मिसळलं, तर आणखी आठ-नऊ अंशांची सवड मिळते. हा दाब टिकला नाही, की सायलेन्सरकडच्या झडपांभोवती, जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथे वाफेचे बुडबुडे धरतात. वाफेला पाण्यासारखी उष्णता ओढून घेता येत नाही. मग ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं, आणि दोन-पाचशे रुपयांच्या दुरुस्तीचं बिल पाच आकड्यांत जातं.

दाब किती द्यायचा, हे झाकणावरच लिहिलेलं असतं. जपानी धाटणीच्या गाड्यांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा दिसतो. ते किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १३ किंवा १६ पीएसआय. कित्येक युरोपीय गाड्यांत तो १.४ बार किंवा त्याहून थोडा अधिक असतो आणि दाबाचं झाकण रेडिएटरवर नसून प्लॅस्टिकच्या टाकीवर असतं. आकडा वाचायचा आणि तिथेच थांबायचं. जास्त दिलं म्हणजे जास्त चांगली तपासणी झाली, असं होत नाही. दहा वर्षं उन्हाआगीत भाजलेली रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी त्याने तडकते.

दहा-बारा वर्षं वापरलेल्या एखाद्या पेट्रोल हॅचबॅकवर ही तपासणी कशी चालते ते बघण्यासारखं असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, सकाळी. कुलंट तोंडापर्यंत भरलेलं. पंपाचे काही दट्ट्ये मारले की काटा ०.९ वर येतो. मग हात बाजूला. पहिल्या मिनिटात काटा किंचित उतरतो, तो रबरी नळ्या ताणल्या गेल्यामुळे. पुन्हा एकदोन दट्ट्ये द्यायचे. त्यानंतर पंधरा मिनिटं तो तसाच राहिला, तर गाडी सुटली. पण तो ०.८ कडे सरकू लागतो आणि जमिनीवर तर एक थेंब नाही. आता बॅटरी घेऊन वाकायचं. वरचा होज कोरडा, खालचा कोरडा, क्लिपा घट्ट. रेडिएटरचं प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे चिमटून जोडलेली असते, ती कडही कोरडी. शेवटी वॉटर पंपाखाली, पट्ट्याच्या आड, हिरवट पांढरी खपली दिसते आणि तिच्या टोकाला तयार होत असलेला थेंब. पंपाच्या अंगाला तिथे मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कुलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं, म्हणून. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. तसं करणं म्हणजे धोक्याची घंटा वाजते म्हणून तिचा लोलक काढून ठेवणं.

काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर आधी केबिनमध्ये हात घाला. डॅशबोर्डच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो. कोकणात किंवा विदर्भात हीटर कोणी लावत नाही, तरी बहुतेक गाड्यांत कुलंट त्यातून फिरतच असतं. तो गळला की पुढच्या सीटखालची मॅट ओली होते, आणि सगळे त्याचं खापर एसीच्या पाण्यावर फोडतात. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं. कुलंट बोटांना चिकट लागतं, त्याला गोडसर वास येतो आणि काचेवर तेलकट धुकं धरतं.

तिथेही काही नसलं, तर मात्र छातीत धस्स व्हावं, कारण मग संशय हेड गॅस्केटवर जातो. दाब देऊन गाडी काही तास तशीच ठेवायची, स्पार्क प्लग काढायचे, इग्निशन आणि इंधन बंद ठेवून इंजिन क्षणभर फिरवायचं. एखाद्या भोकातून कुलंटचा फवारा उडाला, तर निकाल लागला. चेहरा मात्र त्या भोकांवर नेऊन बघू नये. प्लग न काढता सेल मारणं त्याहून वाईट: पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. याला पूरक अशी रसायनाची चाचणीही आहे. रेडिएटरच्या तोंडातली हवा निळ्या द्रवातून ओढतात. तिच्यात इंजिनाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड असेल, तर द्रव पिवळा पडतो. पेट्रोल गाडीवर ही चाचणी मला अधिक भरवशाची वाटते, कारण बारीक चीर गार इंजिनात मिटलेली असू शकते आणि पंपाला ती सापडत नाही.

अशा काही मर्यादा पंपाला आहेतच. इंजिन कोमट असताना दाब दिला, तर ते निवताना काटा आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसू लागते. स्वस्त संचांतल्या टोपीचं रबरच कधी कधी हवा सोडतं. टोपीभोवती साबणाचं पाणी लावलं की ते कळतं.

झाकण तपासायला सगळेच विसरतात. संचात त्यासाठी वेगळी टोपी असते. झाकणाने लिहिलेल्या आकड्यापर्यंत दाब धरला पाहिजे आणि त्यापुढे सोडला पाहिजे. त्यात उलटी उघडणारी दुसरी छोटी झडपही असते. इंजिन निवताना कुलंट आक्रसतं, तेव्हा ती बाजूच्या टाकीतून पाणी परत आत घेते. ती अडकली, तर सकाळी वरचा होज आत ओढला जाऊन चपटा झालेला दिसतो. झाकण काही शे रुपयांना मिळतं. ते न तपासता रेडिएटर बदलून आलेले लोक कमी नाहीत.

जुगाडाबद्दल बोलायलाच हवं. जुन्या झाकणाला भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा आणि सायकलच्या पंपाने हवा भरायची, ही युक्ती चालते. फक्त घड्याळ कमी दाबाचं हवं. टायरच्या घड्याळावर अर्ध्या पीएसआयची घट दिसणारच नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी मात्र थेट लावू नका. त्याच्या टाकीत शंभर पीएसआयहून जास्त हवा असू शकते.

आणि हळद! रेडिएटर गळू लागला की त्यात हळदपूड टाकायची, हे ट्रकवाल्यांचं जुनं औषध. पूड फुगून बारीक भोकात अडकते आणि गाडी पुढच्या गावापर्यंत जाते, हे खरंच. पद्मिनी, ॲम्बेसेडरच्या काळात रेडिएटर तांब्या-पितळेचे असत; रेडिएटरवाला ते सोडवून, डाख देऊन पुन्हा बसवायचा आणि आतली हळदही धुऊन काढायचा. आजच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरच्या नळ्या अरुंद असतात. हळद गळतीबरोबर त्याही बुजवते, हीटरच्या तर आधी. बोअरचं क्षारयुक्त पाणीही तेच काम सावकाश करतं. भाजीत हळद घाला, रेडिएटरमध्ये नको.

हा संच काही हजारांत मिळतो. दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून घेतला तरी पुरतो. वापरताना तीन गोष्टी पाळाव्यात. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतलं पाणी क्षणात उकळून चेहऱ्यावर येतं. टोपी काढण्याआधी कळ दाबून दाब सोडावा. आणि सांडलेलं कुलंट लगेच पुसावं: ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

पंप घ्यायचा नसेल, तरी हरकत नाही. ‘पाणी कमी होतंय’ म्हटल्याबरोबर मेकॅनिकने रेडिएटर बदलायचा अंदाज हातात दिला, तर त्याला सांगा, आधी झाकण तपासा, मग प्रेशर टेस्ट लावा आणि काटा मला दाखवा. गार गाडीवर हे अर्ध्या तासाचंही काम नाही.