‘त्रासदायक’ म्हणजे काय?

शाळेत मास्तरांकडे मुलांची जी गाऱ्हाणी येतात, त्यांत ‘हा मला त्रास देतो’ हे गाऱ्हाणे सर्वांत अधिक. चौकशी करावी, तर एकाने दुसऱ्याची वही फाडलेली असते, आणि तिसरा कोणाच्या अक्षराला नुसता हसलेला असतो. शब्द एकच, परंतु दोघांनाही सारखीच छडी देणाऱ्या शिक्षकाला न्यायी कोण म्हणेल? आपल्या देशातील एका कलमाने मात्र जवळजवळ साडेपाच वर्षे हेच केले.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० सालचा. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती करून ‘६६ अ’ हे कलम घातले व २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद त्यात सांगितली होती. चीड, गैरसोय, अपमान, दुष्टावा हे शब्दही त्यात होते. निनावी शिवीगाळ व धमक्या यांना आळा घालणे हा हेतू कोणासही मान्य व्हावा असाच. पण या शब्दांची वंशावळ १९३५ च्या एका ब्रिटिश टपाल कायद्यापर्यंत जाते. तो दूरध्वनीवरील संदेशांना लागू होता. दूरध्वनीवर एक माणूस दुसऱ्या एका माणसाशी बोलतो. फेसबुकावर लिहिणारा मात्र भर चावडीवर उभा राहून बोलत असतो, आणि चावडीवरच्या बोलण्याने कोणाला ना कोणाला चीड येणारच. त्या एकाची चीड हेच अपराधाचे माप धरले, तर बोलावे तरी कोणी?

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकावर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली. त्या मजकुरात ना धमकी होती, ना शिवी. पुढे तो खटला टिकला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठातील एका प्राध्यापकास मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील व्यंगचित्र इतरांना धाडल्याबद्दल पकडण्यात आले होते. त्यांची पुरती मुक्तता व्हावयास २०२३ साल उजाडले!

पालघरच्या प्रकारानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती चेलमेश्वर व नरिमन यांनी २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवले. त्यांनी केलेला भेद मोलाचा आहे. एखाद्या मताची चर्चा करणे व त्याचा हिरिरीने पुरस्कार करणे, ते मत कितीही अप्रिय असो, मोकळे आहे. बोलणे चिथावणीच्या पायरीला पोहोचले म्हणजेच राज्याने त्यावर हात टाकावा. शिवाय, ‘आक्षेपार्ह’ कशास म्हणावे हे नागरिकास आधी कळत नसेल आणि पोलिसांसही नेमके ठाऊक नसेल, तर असा कायदा सरळ माणसालाही मुका करतो.

तरीही ठाण्याठाण्यांतून हे मेलेले कलम लावणे चालूच होते. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याखाली कोणावरही खटला चालवू नये, असे न्यायालयास पुन्हा बजावावे लागले.

मग छळ सोसणाऱ्या स्त्रीचे काय? हा प्रश्न काही टाकाऊ नव्हे. तिच्यासाठी २०१३ मध्ये दंडसंहितेत पाठलागाचा गुन्हा घालण्यात आला. तो आज भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. स्त्रीने स्पष्ट नकार दर्शवल्यावरही पुरुषाने तिच्याशी पुनःपुन्हा संपर्क साधणे, अथवा तिच्या इंटरनेट व ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणे, हा अपराध होय. पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत, पुढल्या खेपेस पाच वर्षांपर्यंत कैद. येथे मोजली जाते ती करणाऱ्याची कृती. नकार दिला होता की नाही, संदेश किती वेळा आले, हे पुराव्याने सिद्ध करता येते. कोणाचे मत कोणास झोंबले, हा प्रश्नच उद्भवत नाही.

या कलमालाही भगदाड आहेच. शंभर अनोळखी माणसांनी एकाच रात्री एकेक घाणेरडा संदेश पाठवला, तर त्यांतील कोणीही ‘पुनःपुन्हा’ काही केलेले नसते. आणि सोसणारा पुरुष असेल, तर हे कलम त्याच्या उपयोगी मुळीच पडत नाही.