कोंबड्यांच्या खुराड्यातला स्टुडिओ : घराजवळच्या छायाचित्रणाविषयी

फोटोग्राफीचा छंद असणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आमच्याकडे काढण्यासारखं आहे तरी काय? एकदा लडाखला जाऊन येऊ, मग बघू." लडाखला जरूर जा. पण नवीन जागा आणि नवीन पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पद्धत बदलून पाहायची असेल, तर घरासारखी सोयीची जागा नाही. हे एका हौशी छायाचित्रकार बाईंच्या कामातून आज समजून घेऊ. त्यांचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमरन.

बाईंचा जन्म 1815 चा, आपल्याकडे कलकत्त्यातला. लग्नही तिथेच झालं. पुढे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि 1860 मध्ये आयल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटर या गावी राहायला आलं. 1863 च्या डिसेंबरात मुलीने आणि जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्या 48 वर्षांच्या होत्या. घरातल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा त्यांनी काचेचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची डार्करूम. म्हणजे सगळा कारखाना अंगणातच!

तेव्हाची प्रक्रिया थोडी समजून घेतली पाहिजे, नाहीतर त्यांचं धाडस कळणार नाही. काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरायचं. ती पट्टी सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. चित्र घ्यायचं आणि वाळायच्या आत ते डेव्हलपही करायचं. हाताला काही मिनिटंच मिळतात. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवर आणि घरच्या कापडांवर पडायचे ते वेगळंच. समोरच्या माणसाने कित्येकदा काही मिनिटं न हलता बसायचं. एवढं करून पट्टीला तडा गेला की सगळं पहिल्यापासून.

1864 च्या जानेवारीत ॲनी फिल्पॉट या लहान मुलीचा फोटो त्यांना मनासारखा जमला. त्यांनी त्याच दिवशी त्याची प्रिंट काढली, फ्रेम केली आणि मुलीच्या वडिलांना देऊन टाकली. या चित्राला त्यांनी आपलं पहिलं यश म्हटलं.

आता नवीन काय, ते बघा. त्या काळात व्यावसायिक स्टुडिओंत छोट्या कार्डावरच्या फोटोंची लाट होती. माणूस बहुधा डोक्यापासून पायापर्यंत उभा, मागे रंगवलेला पडदा, बाजूला खांब नाहीतर खुर्ची, आणि सगळं लख्ख, रेखीव. कॅमरनबाईंनी यातल्या तीन गोष्टी बदलल्या. एक, कॅमेरा इतका जवळ नेला की चौकटीत फक्त चेहरा राहिला. दोन, काचघरातला उजेड पडद्यांनी अडवून एकाच बाजूने येऊ दिला, त्यामुळे अर्धा चेहरा अंधारात गेला. आणि तीन, फोकस. भिंग फिरवताना चित्र डोळ्याला सुंदर दिसलं की त्या तिथेच थांबायच्या. आणखी फिरवून ते रेखीव करण्याच्या भानगडीत पडायच्या नाहीत.

हा मऊपणा येतो कुठून? भिंगाचं तोंड जितकं मोठं उघडं, वस्तू जितकी जवळ आणि पट्टी जितकी मोठी, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. पुढे बाई 15 बाय 12 इंचांची काच वापरत होत्या. एवढ्या मोठ्या पट्टीवर चेहरा जवळून घेतला की डोळे स्पष्ट आणि कान धूसर, असं होणारच. त्यात बसणारा माणूस मिनिटभरात श्वासासोबत थोडासा हलतोच. तुमच्या मोबाइलचा पोर्ट्रेट मोड मागचा भाग गणिताने धूसर करतो. तिथे तो भौतिकशास्त्रानेच व्हायचा.

फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी यावर सडकून टीका केली. फोकस नाही, पट्टीवर डाग आहेत, बाईंना तंत्र येत नाही, वगैरे. 1864 च्या अखेरीस शास्त्रज्ञ जॉन हर्शल या जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात बाईंनी उलट प्रश्न केला, की योग्य फोकस कोणता हे ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे? दुसरीकडे, 1865 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, त्यांची चित्रं विकत घेतली. ती आजही तिथे आहेत.

मग घराचा संबंध काय? धंदेवाईक फोटोग्राफरकडे गिऱ्हाईक एकदा येतं. त्याला चांगलं दिसायचं असतं आणि पैसे वसूल व्हायला हवे असतात. तिथे अर्धा चेहरा अंधारात घालून बघता येत नाही. कॅमरनबाईंनाही चित्रं विकायची होतीच, पण समोर बसणारी माणसं मात्र घरची होती. भाची ज्युलिया जॅक्सन, शेजारी राहणारा कवी टेनिसन, घरात काम करणारी मेरी हिलियर. मेरीला तर त्यांनी मॅडोना म्हणून कितीतरी वेळा बसवलं. चेहरा तोच, काचघर तेच. मग चित्रात फरक पडला, तर तो कशामुळे पडला हे कळतं. प्रयोग म्हणतात तो हाच.

पण इथे एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळून चालणार नाही. टेनिसन नाही म्हणू शकत होता. मेरी मालकिणीला कितपत नाही म्हणू शकत असेल? 1875 मध्ये कॅमरन कुटुंब सिलोनला, आजच्या श्रीलंकेत गेलं. तिथे बाईंनी मळ्यावरच्या कामगारांचेही फोटो काढले. ॲनीचं नाव आपल्याला माहीत आहे, मेरीचंही आहे. या कामगारांपैकी बहुतेकांची नावं चित्रासोबत आलेली नाहीत. घराजवळची माणसं सहज मिळतात, म्हणून त्यांना विचारण्याची गरज संपत नाही. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा फोटो काढताना हे आधी आठवावं. त्यांना विचारावं, एक प्रत त्यांच्या हातात द्यावी आणि मागे त्यांचं नाव लिहावं.

आता तुमच्यासाठी काम. घरातली एक खिडकी निवडा आणि आनंदाने बसायला तयार असलेलं एक माणूस. आजी असेल, भाऊ असेल. दहा दिवस रोज एकच फोटो काढा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला. आज पडदा अर्धा ओढा. उद्या वेळ बदला, सकाळऐवजी दुपारी चार. परवा दोन हात जवळ जा. त्यानंतर फोकस डोळ्यांवर न ठेवता हातांवर ठेवा. काय बदललं ते वहीत लिहा. चुकलेले फोटो लगेच डिलीट करू नका. दहाव्या दिवशी सगळे शेजारी शेजारी मांडा आणि त्या माणसालाच विचारा, यातला तुमचा कोणता? त्याची निवड आणि तुमची निवड वेगळी निघाली, तर ती का वेगळी निघाली यावर दोघांनी बसून बोला. तिथे तुम्हाला दोन गोष्टी शिकायला मिळतील, एक उजेडाबद्दल आणि एक त्या माणसाबद्दल.

आता प्रश्न घेऊ या.